ट्रॉम्सोची चतुर्थी

मे महिन्यात, रायपूरच्या रस्त्यांवरचं डांबर चपलेला चिकटत असताना, विमलाबाईंनी तात्यापाऱ्यातल्या आपल्या जुन्या दुकानदाराकडून लोकरीचे मोजे, हातमोजे आणि एक कानटोपी मिळवली. त्यासाठी दुकानदाराला माळ्यावर चढून थंडीतलं पोतं खाली ओढावं लागलं. खाली उतरल्यावर त्याने घाम पुसत विचारलं, "माताजी, तबियत तो ठीक है ना?"

"नॉर्वेले चालली मी," विमलाबाई म्हणाल्या. "सूर्य बुडत नाही तिथं. पाहून येतो म्हटलं."

ही गोष्ट त्यांनी घरी येऊन सांगितली तेव्हा त्यांची सून मीरा स्वयंपाकघरात हसली. सूर्य बुडत नाही हे वाक्य मूळचं तिचं होतं. समता कॉलनीतल्या एका शाळेत ती भौतिकशास्त्र शिकवायची. नववीचे भूगोलाचे सर सुट्टीवर गेले की त्यांचे तासही तिच्याकडे येत. कललेली पृथ्वी, तिचा आस, एका बाजूने येणारे किरण, ही आकृती तिने फळ्यावर इतक्या वेळा काढली होती की खडू आपोआप फिरे. पण अलीकडे ते वाक्य बोलताना तिला चोरट्यासारखं वाटू लागलं होतं. तिने ऐकलेली गोष्ट ती पाहिल्यासारखी सांगत होती. एकदा तरी आपल्या डोळ्यांनी तो सूर्य क्षितिजापाशी येऊन, न बुडता, पुन्हा वर चढताना पाहावा, एवढंच तिला हवं होतं. आयुष्यात तिने घरच्यांकडे स्वतःसाठी असं काही मागितलं नव्हतं.

मागितलं, आणि आश्चर्य म्हणजे सगळे हो म्हणाले. तिचा नवरा सुशील नवा रायपूरला एका सरकारी खात्यात होता. त्याने रजेचा अर्ज टाकला, पैशांची जुळवाजुळव केली आणि तो विषय बंद केला. त्यांच्या मुलीची, अनुश्रीची, बारावी आणि तिच्या प्रवेशपरीक्षा झाल्या होत्या, जूनच्या शेवटी कॉलेजची धावपळ सुरू होणार होती. धाकटा भार्गव दहावीत गेला होता आणि त्याची शिकवणी लवकरच लागणार होती. त्यामुळे जूनचा मधला आठवडाच काय तो मोकळा होता. पुढल्या वर्षी पोरगी कुठल्या गावी असेल कोणास ठाऊक. जायचं तर आत्ताच.

अर्थात भार्गवने आपली खळखळ करून घेतली. "मम्मी, सब लोग बाली जाते हैं, हम धूप देखने जा रहे हैं," तो म्हणाला. "धूप रायपुर में कम है क्या?"

"ही वेगळी आहे."

"पैंतालीस डिग्री वाली नहीं है, इतना ही ना?"

अनुश्रीने मात्र नकाशा उघडला, बोटांनी मोठा केला, आणि नॉर्वेच्या वरच्या टोकाकडचं ट्रॉम्सो नावाचं गाव शोधून त्यावर बराच वेळ बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "मम्मी, ये तो दुनिया की छत है यार."

विमलाबाईंना सोडून जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे यजमान श्यामराव गेले तेव्हा सुशील कामासाठी दिल्लीला होता. तेव्हापासून आईला एकटी ठेवून तो मुक्कामाला म्हणून कुठे गेला नव्हता. जायचं ते पाचही जणांनी, नाहीतर नाही. हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण तेलीबांध्याच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सगळ्यांना ते माहीत होतं.

अडचण निघाली ती जेवणानंतरच्या एका साध्या प्रश्नातून.

विमलाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर चष्मा वरखाली करत उभ्या होत्या. "भार्गव, इकडं ये रे पोट्ट्या. आपण तिथं असताना संकष्टी येऊन राहिली. इथला चंद्रोदय यात दिला आहे. तिथला कोण देईन? मोबाईलवर पाहून सांग बरं, म्हणजे तिथं मले किती वाजता जेवाले भेटते ते कळन."

भार्गवने पाहिलं. अंगठा दोनदा फिरवला. "आजी, टाइम ही नहीं दे रहा. डॅश आ रहा है."

"डॅश म्हणजे किती वाजले?"

"डॅश मतलब... डॅश, आजी. खाली."

"दुसरीकडं पाह्य. तुह्या मोबाईलले काही समजत नाही."

त्याने दुसरीकडे पाहिलं. तिथेही तेच होतं. मीरा ओले हात पुसत बाहेर आली आणि त्याच्या खांद्यावरून वाकली. पुढच्या महिन्यातल्या त्या तारखेसमोर चंद्रोदयाच्या रकान्यात एक छोटी आडवी रेघ होती. तिच्या आदल्या दिवशीही रेघ. त्याच्याही आदल्या दिवशी रेघ.

बिघाड मोबाईलमध्ये नव्हता. मीराला ते एका क्षणात कळलं. जूनमधला पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र आकाशात त्याच खालच्या वाटेने जातो, ज्या वाटेने डिसेंबरचा सूर्य जातो. डिसेंबरमध्ये त्या गावात सूर्य उगवत नाही. म्हणजे जूनमधल्या त्या तीनचार दिवसांत चंद्र उगवत नाही. सूर्य बुडत नाही आणि चंद्र उगवत नाही, एकाच आठवड्यात, एकाच कारणाने. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तिला ठाऊक होत्या. इतक्या वर्षांत तिने त्या कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. फळ्यावरच्या त्या आकृतीत तिने चंद्र काढलाच नव्हता.

"काय म्हणते गं?" विमलाबाईंनी विचारलं.

"नेट नीट चालत नसेल, आई," मीरा म्हणाली. "मी बघते नंतर."

संध्याकाळी घराजवळच्या तलावाच्या काठाने चालताना तिने सुशीलला सांगितलं. लोक आईस्क्रीम खात बसले होते, पाण्यावरून वाफेसारखा वारा येत होता. सुशील चालता चालता थांबला.

"उगवतच नाही? म्हणजे उशिरा उगवते, असं नाही?"

"नाही. तीनचार दिवस वर येतच नाही."

"मग आपल्या गुरुजींना विचारू. ते सांगतील, रायपूरची वेळ धरा."

"आई वेळ धरतात का कधी?"

सुशीललाही ते माहीत होतं. श्यामराव मालगाडीवर गार्ड होते. चतुर्थीच्या दिवशी ते डोंगरगडच्या बाजूला कुठेतरी गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे असत, आणि विमलाबाई तात्यापाऱ्याच्या घराच्या गच्चीवर. दोघांनी ठरवलं होतं की चंद्र दिसला की मगच जेवणाचा डबा उघडायचा. तो डब्यात, ही गच्चीवर. त्या काळात दोघांना एकाच वेळी दिसणारी दुसरी कोणती वस्तू होती? श्यामराव गेले तरी विमलाबाईंनी नेम सोडला नाही. कॅलेंडरातली वेळ त्या पाहत, पण ती तयारीला लागण्यासाठी. घास तोंडात जाई तो चंद्राकडे पाहून.

"सांगितलं तर ती म्हणन, तुम्ही जा, मी शेजारच्या कुसुमकडे राहतो," सुशील म्हणाला. "आणि मग मी नाही जाणार. मग तू जाशील काय?"

"नाही."

"तर मग बाली करू," तो हळूच म्हणाला. "पोरंही खूश होतील. तिथं उगवते ना तो?"

"तिथं उगवतो," मीरा म्हणाली.

मुलांना सांगावंच लागलं, कारण अनुश्रीने आईचा चेहरा पाहूनच विचारलं. भार्गवला बाली मिळत असूनही तो खूश दिसला नाही. "आजी ने कानटोपी ले ली है, मम्मी," तो म्हणाला, जणू हा कायद्याचा मुद्दा होता. अनुश्री म्हणाली, "आजी को बताओ तो सही. आप खुद ही डिसाइड कर रहे हो कि वो मना करेंगी." मीराला ते लागलं. पण पोरीचं बरोबर होतं. मीरा आठवडाभर नुसती योग्य वेळेची वाट पाहत राहिली, आणि मध्ये वैशाखातली संकष्टी येऊन गेली. विमलाबाईंनी ती नेहमीसारखी केली. चंद्र फारच खालून, दक्षिणेकडून वर आला, आणि मीराने त्याच्याकडे अपराध्यासारखं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भार्गवने प्रश्न सोडवून टाकला. पडदे ओढलेले होते, कूलरची घरघर चालू होती, मोठं टरबूज टीपॉयवर कापायची वाट पाहत होतं. सुशीलला सुट्टी होती. विमलाबाई म्हणाल्या, "ते चंद्रोदयाचं राहूनच गेलं पाहा."

"आजी, वहाँ चाँद निकलेगा ही नहीं," भार्गव म्हणाला.

"भार्गव!" सुशील ओरडला.

"काहून? अमावस्या आहे काय? मी काय पागल आहे, चतुर्थीले चंद्र नसते?"

"आई, तो असतो," मीरा म्हणाली. "पण त्या गावातून दिसत नाही. दिवसभर नाही, रात्रभर नाही. तीनचार दिवस वरच येत नाही."

विमलाबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे आपली फिरकी घेतायत की काय, हे त्या तपासत होत्या. "असं कसं होईन?" त्या शेवटी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "चंद्र तर सगळ्यायचा आहे."

मीराने खोलीत पाहिलं. मग ती उठली, अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा आणून खोलीच्या एका टोकाला, टीपॉयच्या उंचीच्या खुर्चीवर ठेवला आणि लावला. टरबूज उचलून दिव्याकडे थोडं कललेलं राहील असं वाटीत बसवलं. स्वयंपाकघरातून एक लिंबू आणि दोन दातकोरण्या आणल्या. एक दातकोरणी तिने टरबुजाच्या पोटापासून जरा वर खोचली. "हे रायपूर." दुसरी वरच्या देठाजवळ. "हे ट्रॉम्सो. दिवा म्हणजे सूर्य." लिंबू भार्गवच्या हातात देऊन तिने त्याला दिव्याच्या समोरच्या भिंतीपाशी उभं केलं, मग जरा बाजूला सरकवलं. "पौर्णिमा होऊन तीनचार दिवस झाले, म्हणून तिरका. अजून खाली धर. चंद्राची वाट सध्या फारच खालून जाते. आणखी. बस."

"हाथ दुखेगा, मम्मी."

"चंद्राचा दुखत नाही. धर."

"आई, तुम्ही या देठाजवळच्या काडीला गाल लावा," मीरा म्हणाली. "जितकं खाली येता येईल तितकं. आता तुम्ही ट्रॉम्सोमध्ये उभ्या आहात."

विमलाबाई चष्मा सावरत वाकल्या. पदर खोचला आणि थंडगार टरबुजाला गाल लावला. "बाप्पा, थंड आहे इथं," त्या म्हणाल्या आणि सगळे हसले.

"सूर्य दिसतो?"

"दिसते."

"आता पृथ्वी फिरते. टरबूज मी फिरवीन, तुम्ही काडीबरोबर फिरा. गाल सोडू नका. एक फेरी म्हणजे एक दिवस."

मीराने वाटी तशीच ठेवून, कल न मोडता, टरबूज हळूहळू आपल्या आसाभोवती फिरवायला सुरुवात केली. विमलाबाई एक हात टीपॉयवर टेकवून, गाल फळाला चिकटवून, वाकून त्याच्याभोवती चालू लागल्या. अनुश्रीने मोबाईल वर केला होता, पण तिने तो तसाच खाली घेतला.

"सूर्य आहे?"

"आहे." एक पाऊल. "आहे." आणखी एक. त्या आता दिव्याच्या पलीकडच्या बाजूला, टरबुजाच्या मागे आल्या होत्या. "खाली गेला... खाली जाऊन राहिला..." त्यांचा आवाज बदलला. "आहे अजून. टरबुजाच्या कडेले टेकला. पण आहे. मीरा, बुडला नाही गं!"

"ही तिथली मध्यरात्र, आई."

"आता वर चालला." त्या थांबल्या नाहीत. फेरी पूर्ण झाली. "आणि लिंबू?"

"तुम्ही सांगा. दिसलं का?"

विमलाबाई गोंधळल्या. "पाहाचंच राहिलं." त्यांनी स्वतःच दुसरी फेरी सुरू केली. या वेळी दिव्याकडे न पाहता भार्गवच्या दिशेला मान लांबवत. भार्गव आता श्वास रोखून उभा होता. जिथे लिंबू सर्वांत जवळ यायला हवं होतं तिथे त्या थांबल्या. त्यांना भार्गवचा चेहरा दिसत होता, खांदा दिसत होता, कोपर दिसत होतं. त्याचा हात मात्र हिरव्या कडेखाली गेलेला होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "थोडासाच राहिला. पण नाही."

मग कोणी न सांगता त्या आणखी वाकल्या, गुडघ्यावर बसल्या, आणि रायपूरच्या काडीला गाल लावला. मीराने टरबूज फिरवलं. दिवा दिसला, मावळला, अंधार झाला, आणि काळोख्या बाजूने लिंबू हळूच कडेवर आलं. दिव्याचा पिवळा उजेड त्याच्या अंगावर होता.

"आला," विमलाबाई पुटपुटल्या. चतुर्थीला गच्चीवर म्हणतात तसंच. "म्हणजे इतकी वर्षं मी असं पाहून राहिली होती काय? हा वर येते असं वाटे मले. हा तर जागच्या जागी उभा आहे. मीच फिरून त्याच्यासमोर जातो."

हे वाक्य मीराने हजारदा वर्गात म्हटलं होतं. आज ते पहिल्यांदा कोणीतरी पाहून तिला सांगत होतं.

सुशीलने घसा खाकरला. "आई, आपण बालीले जाऊ शकतो. तिथं—"

"चूप बस रे तू जरा."

कूलर घरघरत राहिला. भार्गवने शेवटी हात खाली घेतला आणि लिंबाकडे बघत विचारलं, "आजी, बारिश में क्या करती हो? बादल रहे तो?"

"थांबतो. पाऊस लागूनच राहिला तर मग वेळ झाली की त्या बाजूले तोंड करतो आणि अर्घ्य देतो. ढगामागं असतेच ना तो. जाणार कुठं?" एवढं बोलून त्या थबकल्या. त्यांची नजर टरबुजावर गेली. त्यांनी हात लांब करून त्याच्या गार सालीवरून तळवा फिरवला. "मीरा. तिथं तो मंग याच्या मागं असते?"

"हो, आई."

"म्हणजे हा ढगच झाला. जरा जाड."

"जरा जाड," मीरा म्हणाली.

"पण ढगाची दिशा माहीत असते मले. तिथं कोणीकडं तोंड करू?"

"इथं रायपूरला चंद्र निघेल त्या वेळी तिथं तो जमिनीखाली असेल. असा, तिरका." मीराने हात फरशीकडे कलता धरला. "उत्तर आणि पूर्व यांच्या मधे, आणि खाली. मी तिथं तुम्हाला बरोबर दाखवीन."

"तो पानी भी नीचे—" भार्गव म्हणायला लागला.

"अर्घ्याचं पाणी इथंबी खालीच पडते, पोट्ट्या. वर कधी उडालं?" विमलाबाई उठून सोफ्यावर बसल्या. "सुशील, तिकिटं काढून टाक. मले पाहाचं आहे ते गाव. जिथं तो येऊ शकत नाही, तिथं आपण जाऊन पाहू त्याले खालून कसं वाटते ते."

सुशीलने मीराकडे पाहिलं. मीराने होकारार्थी मान हलवली. अनुश्री नकाशा उघडून आजीजवळ सरकली. भार्गव टरबूज कापायला सुरी आणू की अजून कोणाला फेरी मारायची आहे, असं विचारत होता.

"आत्ता कुठं आहे तो?" विमलाबाईंनी अचानक विचारलं. "या घडीले. काल रात्री तर निघाला होता."

मीराने मनात हिशेब केला. रात्री उगवलेला, सकाळी मावळलेला, आणि आता दुपार. तिला हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता, तिने स्वतःलाही नाही. आकाशात नसलेल्या चंद्राचा विचार कोण करतं? उत्तर आलं तेव्हा तिने हात सरळ खाली केला. फरशीकडे. खालचे तीन मजले, तळमजल्यावरच्या गाड्या, त्याखाली माती, खडक, मग सगळी पृथ्वी, आणि पृथ्वी संपल्यावर मोकळं अंतर.

"जवळजवळ पायाखालीच, आई."

विमलाबाईंनी फरशीकडे पाहिलं. मग चटकन दोन्ही पाय उचलून सोफ्यावर मांडी घालून बसल्या आणि खाली वाकून फरशीला बोटं लावून ती कपाळाला लावली. अनुश्रीनेही पाय वर घेतले. भार्गव हसायला गेला, पण हसता हसता त्यानेही सोफ्यावर बसून पाय वर ओढले. सुशीलने त्यांच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता खुर्चीच्या दांडीवर पाय टेकवले.

मीरा एकटी खोलीच्या मधोमध अनवाणी उभी होती. फरशी गार होती. तिला हलावंसं वाटेना.